माया ठेवण्यापेक्षा कापड आधी भिजवा

सुती कापड आटतं म्हणून कुर्त्याला इंचभर माया (शिलाईच्या आत सोडलेलं जादा कापड) जास्त ठेवा, असं कुणी सुचवतं. पण त्यानं अर्धंच काम होतं. मागावर ताणा, म्हणजे उभा धागा, ओढून धरलेला असतो, पाणी लागलं की तो सैल पडतो, त्यामुळे कापड आडव्यापेक्षा उभं जास्त आटतं. शंभर सेंमी उंचीला पाच टक्के धरले तरी पाच सेंमी गेले! बाजूच्या शिलाईतली माया तिथे काय कामाची?

त्यापेक्षा कापायच्या आधीच भिजवा. पुढे ज्या पाण्यात धुणार त्याच पाण्यात. मशीनला लावणार असाल तर आत्ताही मशीनलाच. काठ सुटत असतील तर आधी झिगझॅग मारून घ्या. किंचित ओलसर असताना उभ्या धाग्याच्या दिशेनं इस्त्री करा आणि मग कात्री लावा.

अस्तरही भिजवायचं, हे बरेचजण विसरतात. कोल्हापुरात महाद्वार रोडवरून मॅचिंग अस्तर आणायचं आणि तसंच ब्लाऊजला लावायचं; पहिल्या धुण्यात अस्तर आखडतं आणि वरच्या कापडाला बगलेपाशी चुण्या पडतात. त्या इस्त्रीनं जात नाहीत.

रोजच्या वापराला मी पॉपलीन किंवा केंब्रिक अशी सुती कापडंच घेईन. इचलकरंजीसारखं कापडाचं गाव शेजारी असताना कशाला लांब जायचं? रेयॉन दिसतं छान, पण ओलं असताना धागा कमजोर होतो, पिळू नका.

आणि मिठाच्या पाण्यानं रंग पक्का होत नाही हो. ओला पांढरा रुमाल कोपऱ्यावर घासून बघा, रंग लागला तर ते कापड वेगळंच धुवा.