मदत हवी आहे : रिटुक्सिमॅब संपून चार महिने झालेत, आईला लस आत्ता द्यावी की थांबावं?

नमस्कार. आई ६४ वर्षांची आहे. लिम्फोमासाठी (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) तिच्या किमोच्या सहा सायकल झाल्या, प्रत्येकीत रिटुक्सिमॅब हे औषधही होतं. शेवटची होऊन चार महिने झाले. स्कॅन चांगला आलाय, केस बोटभर वाढलेत, पांढऱ्या पेशींचा काउंटही जागेवर आलाय. काउंट नॉर्मल म्हणजे प्रतिकारशक्ती नॉर्मल, असं मी धरून चाललो आणि तिथेच चुकलो.

उपचार संपल्यावर दीड महिन्याने तिला कोव्हिडची लस दिली. नंतर महिन्याभराने मीच हट्टाने अँटिबॉडीची तपासणी करून घेतली. जवळजवळ काहीच नाही! आईने तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला, नीट घडी घालून फाईलमध्ये ठेवला आणि म्हणाली, "म्हणजे टोचून घेतलं ते वायाच गेलं." तेव्हापासून ती दार लोटून खोलीत बसते. नातू शाळेतून आला की दाराच्या फटीतूनच त्याला हात करते. मला ते बघवत नाही.

आता फ्लूचे दिवस तोंडावर आलेत. रिटुक्सिमॅबनंतर लशीसाठी सहा महिने थांबावं म्हणतात, पण तेवढं थांबलो तर ते उलटून जातील. आत्ता दिली तर पुन्हा तोच रिपोर्ट येईल. शिवाय न्यूमोनिया आणि नागिणीची लस बाकी आहे. मुलाचा कांजिण्यांचा दुसरा डोसही आलाय. ती लस जिवंत विषाणूची असते म्हणतात, मग आईच्या घरात ती चालेल का? पुढच्या भेटीला अजून तीन आठवडे आहेत. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

आधी आईंना सांगा, लस वाया गेलेली नाही. रिटुक्सिमॅब बी-पेशींवरच्या सीडी-२० या खुणेला चिकटून त्या पेशी संपवतं आणि नव्या अँटिबॉडी याच पेशींच्या वाटेने तयार होतात. त्या परत यायला शेवटच्या डोसनंतर साधारण सहा महिने ते वर्ष लागतं. नेहमीच्या काउंटमध्ये हे दिसत नाही. टी-पेशींना, म्हणजे प्रतिकाराच्या दुसऱ्या प्रकारच्या पेशींना, मात्र हे औषध थेट मारत नाही. लशीने त्या तयार झाल्या असतील तर आजार गंभीर होण्यापासून काही प्रमाणात राखतात, आणि अँटिबॉडीच्या रिपोर्टमध्ये त्या मोजल्याच जात नाहीत. म्हणून ती तपासणी आता पुन्हा करू नका, नुसता जीव टांगणीला लागतो. जुन्या लशींच्या अँटिबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींवर सीडी-२० नसतो, त्यामुळे पूर्वीचं संरक्षणही सगळं पुसलं जात नाही.

फ्लूसाठी थांबू नका. टोचायची, निष्क्रिय लस वेळेवर द्या, नाकात फवारायची नको. न्यूमोनिया आणि नागिणीच्या लशी सहा महिने झाल्यावर दिल्या तर जास्त लागू पडतात. नागिणीची रिकॉम्बिनंट लसच मागा, ती जिवंत नसते. कोव्हिडची लसही तेव्हा पुन्हा द्यायची का, ते डॉक्टरांना विचारा. गोवर, कांजिण्यांसारख्या जिवंत लशी आईंना सध्या नकोतच.

नातवाला कांजिण्यांची लस जरूर द्या. त्याला खऱ्या कांजिण्या झाल्या तर आईंना त्याचा धोका फार मोठा आहे. लशीनंतर अंगावर पुरळ उठलं तर ते सुकेपर्यंत तेवढं लांब ठेवा. तोंडावाटे द्यायची पोलिओची लस मात्र घरात कुणाला नको, टोचायची चालते. आणि तुम्ही सगळे फ्लूची लस घ्या. आईंची लस कमी पडेल तिथे तुमची कामी येते.

ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर लस झालीये म्हणून वाट बघत बसू नका, लगेच फोन करा. हे सगळं कागदावर उतरवून डॉक्टरांना दाखवा. त्यांना आईंची फाईल माहीत आहे, मला नाही.

धागाकर्ता

मनापासून आभार. आज फोन करून विचारलं. फ्लूची लस या आठवड्यातच, घरातल्या चौघांनाही. बाकीच्यांसाठी सहा महिन्यांनंतरची तारीख मिळालीये. टी-पेशींचं आईला समजावलं तर तिने परत परत विचारलं, "म्हणजे आत काहीतरी तयार झालं असेल?" हो म्हटल्यावर तिने तो रिपोर्ट फाईलमध्ये सगळ्यात मागे सरकवला. दार आज उघडं आहे.