मदत हवी आहे: स्लॅब गळतोय, पावसाळा तोंडावर (सातारा)

गोडोलीकर
आजोबांनी १९६४ साली बांधलेलं घर आहे. सपाट छप्पर, लांब छज्जे, सिमेंटच्या जाळ्या. त्या काळात लोक बघायला यायचे म्हणे. तेच रूप ठेवून आतलं काम करून घेतोय. परवाच्या वळवात हॉलमधल्या पंख्याच्या हुकातून पाणी ठिबकलं, नवा पीओपी पिवळा पडला. कोणतं केमिकल मारू? फक्त नाव सांगा. रंगारी सोमवारी येतोय.

कोबावाला
रंगाऱ्याला आधी थांबवा. वर काय आहे? नुसता स्लॅब, विटांचा कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर), की चायना चिप्स (फरशीचे बारीक तुकडे बसवलेले)? पाणी कुठं साचतं?

गोडोलीकर
कोबाच आहे, सगळ्यांच्या असतो तसा.

माची_पेठ
पत्र्याची शेड टाका, विषय संपला. आमची टाकल्यापासून थेंब नाही. वर वाळवणं घालता येतात, पोरांचं क्रिकेटही होतं.

निवृत्त_ओव्हरसियर
शेडला नगरपालिकेची परवानगी लागते, माची_पेठ. आणि त्या घराची सगळी शोभा सरळ रेषेत आहे, वर निळा पत्रा चढवला की गोडाऊन. शिवाय शेडखाली स्लॅबचं गंजणं दिसत नाही एवढंच.

माची_पेठ
शोभेनं गळती थांबते का काका?

हळदीचा_पेव
आमच्या सांगलीत जुने गवंडी चुन्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायचे. अशी गच्ची पन्नास वर्षं हलत नाही. केमिकल म्हणजे लूट.

कोबावाला
असा चुना मळणारा गवंडी सोमवारपर्यंत कुठून आणणार? @गोडोलीकर, तीन गोष्टी सांगा. नूतनीकरणात गच्चीवर काही केलं का? कठड्याच्या कडेला वाटा, म्हणजे कोपऱ्यात सिमेंटचा गोलसर उतार, आहे का? पावसाचं पाणी जायच्या पाईपचं तोंड फरशीच्या खाली आहे की वर?

गोडोलीकर
गच्चीचं काय, जुन्या कोब्यावर नवीन चिप्स बसवल्या मार्चमध्ये. त्याचा इथं काय संबंध? पाणी पंख्यातून येतंय.

कोबावाला
आता कळलं. पाणी शिरतं एकीकडं आणि ठिबकतं दुसरीकडं. कोब्याखाली पसरतं आणि स्लॅबला वाट मिळेल तिथून उतरतं, हुक हे त्यातलं सोपं भोक. वरचा थर चढवताना पाईपचं तोंड तसंच ठेवलं असेल तर तिथं डबकं होणारच. दहा फुटाला निदान सव्वा इंच ढाळ हवा. बादलीभर पाणी ओता आणि कुठं पळतं ते बघा.

निवृत्त_ओव्हरसियर
त्याहून महत्त्वाचं, वजन. चार इंच कोबा म्हणजे चौरस फुटाला १८-२० किलो. त्यावर नवा मसाला आणि चिप्स. साठ वर्षांचा स्लॅब आहे हा. खालून हातोडीनं हळू ठोकून बघा. बद्द आवाज आला किंवा सळीवरचा पापुद्रा सुटला तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर, मग बाकीचं.

केमिकल_किंग
ॲक्रिलिक कोटिंगचे दोन हात, मध्ये फायबर जाळी. वॉरंटीसकट करून देतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

कोबावाला
ओल्या थरावर कोटिंग मारा, ऊन पडलं की फोड. वाळल्याशिवाय कशालाच हात लावू नका.

कास_पठार
गच्चीवर भाज्या लावायच्या असतील तर कुंड्या विटांवर ठेवा, मुळं कोब्यात जात नाहीत. आमच्याकडं दोडकी छान येतात.

गोडोलीकर
भाज्या नाहीत हो लावायच्या!

माची_पेठ
१९६४ म्हणजे घराने कोयनेचा भूकंप खाल्लाय. भेगा तेव्हाच्याच असणार.

निवृत्त_ओव्हरसियर
११ डिसेंबर १९६७, पहाटेची वेळ. आम्ही पोरं पांघरुणासकट अंगणात. पण भेग जुनी असती तर इतकी वर्षं वाट कशाला बघेल? मार्चमध्ये काम झालं, वळवात गळालं.

हळदीचा_पेव
पाणी साठवून टेस्ट करा. पाईपची तोंडं बंद, दोन इंच पाणी, ७२ तास.

निवृत्त_ओव्हरसियर
दोन इंच म्हणजे चौरस मीटरला आणखी ५० किलो. ठोकून बघितल्याशिवाय अजिबात नको.

गोडोलीकर
बादली ओतली. पूर्वेकडच्या पाईपपाशी पाणी थांबतंय. तोंडाभोवती बोटभर उंच काठ झालाय. कंत्राटदार म्हणतो पाऊस जोरात पडला की आपोआप जाईल. वाट्याचं विचारलं तर म्हणाला, चिप्स थेट कठड्याला भिडवल्यात.

कोबावाला
तो काठ फोडून तोंड खाली घ्यायला लावा, कठड्याकडेनं पट्टा काढून वाटा मारून घ्या. सगळी गच्ची उचकटायची घाई नको. खालच्या ठोकण्याचं काय झालं? आणि फोटो टाका, पाईपच्या तोंडाचा. वरून.

केमिकल_किंग
वाटा आम्हीही मारतो. व्यनि केलाय, बघा.