फोटोवरून फिगर, म्हणजे माणसाचं चित्र काढणं, शिकता येतं का?

चारकोल_पंचवटी: आपल्या नाशकात रविवारी सकाळी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, गेलं की कुणी ना कुणी वॉटरकलर घेऊन बसलेलं दिसतंच, शिवाजी तुपेंसारखा चित्रकार इथला, लँडस्केपला पोरांचा हात खरंच चांगलाय, पण त्याच घाटाच्या चित्रात माणूस आला की त्याचा बाहुला होतो. कारण माणसं काढायला सगळे मोबाइलवरच्या फोटोवरून शिकतात. माझं स्पष्ट मत आहे, समोर माणूस उभा केल्याशिवाय फिगर येत नाही. माणूस एका पायावर भार टाकतो तेव्हा त्या बाजूची कंबर वर जाते, खांदा खाली येतो, गळ्याच्या खळगीतून ओळंबा धरला तर तो भार असलेल्या पायाच्या घोट्याजवळ येतो. समोरचा माणूस थकत जातो तशी दुसऱ्या बाजूची कंबर अजून खचते, ते बघताना भार म्हणजे काय ते कळतं.

रेषा_नाशिकरोड: बोलायला सोपंय दादा. मॉडेलचे पैसे कोण देणार, जागा कुठली, आणि मुलीने घरी काय सांगायचं? मी कामावरून रात्री येते, तेव्हा फोटोच असतो. राजा रविवर्मांनी फोटो वापरले, फ्रान्सच्या देगासने वापरले, मग आम्हालाच का बोल लावता?

ओळंबा: देगासने फोटो घेण्याआधी कित्येक वर्षं माणसं समोर बसवून ड्रॉइंग केलं होतं ताई, फोटोत काय सुटतं ते त्याला माहीत होतं. ऑइल करताना बघा, फोटोत हनुवटीखाली नुसता काळा ठोकळा दिसतो, प्रत्यक्षात पांढऱ्या शर्टाचा उजेड तिथे परत वर येतो आणि जबड्याची कड उजळते. आणि मॉडेल घरातलं चालतं की, चित्रकार हळदणकरांच्या त्या दिवा घेतलेल्या बाईच्या चित्रासाठी त्यांची मुलगीच उभी राहिली होती.

कॉलेजरोड_आर्ट: घरातल्यांवर भागणार नाही. साडीखालचा गुडघा अंदाजानेच काढणार ना? मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये तिथले प्रमुख सॉलोमन साहेबांनी 1920 च्या आसपास न्यूडचा, म्हणजे कपड्यांशिवायच्या मॉडेलवरून काढायचा, क्लास सुरू केला, शंभर वर्षं झाली, आपण अजून कुजबुजतोय. ज्याला माणूस रंगवायचाय त्याने न्यूड करायलाच हवं.

रेषा_नाशिकरोड: आणि जी बाई समोर बसेल तिचं काय? एकाने चोरून फोटो काढला की तिला गावात राहणं अवघड. तुम्ही अ‍ॅनाटॉमी बोलताय, मी तिच्याबद्दल बोलतेय.

चारकोल_पंचवटी: हे शंभर टक्के मान्य. सगळ्यांचे फोन दाराबाहेर, पैसे आधी हातात, वीस-पंचवीस मिनिटांनी ब्रेक, पायाभोवती खडूच्या खुणा म्हणजे परत तीच पोझ घेता येते. आधी कपड्यातलंच करू, वर्गणी काढून. येणार का?

रेषा_नाशिकरोड: फोन खरंच बाहेर राहणार असतील तर येते. फोटोवरून काम करणं मात्र सोडणार नाही.