निळीचं पिंप तीन आठवडे गप्प आहे. काय चुकतंय?

अंजिरी
नमस्कार. ऑक्टोबरमध्ये जपानला तोकुशिमाच्या एका रंगशाळेत दोन दिवस निळीचं काम शिकले. घरी, नाशिकला, त्याच कृतीनं पिंप लावलं: लाकडाच्या राखेची निवळी, चुना, गव्हाचा कोंडा. नीळ मात्र आपली, वडी कुटून घेतलेली. रोज ढवळते, तरी पाणी निळंच. कापड बुडवलं तर धुताना सगळा रंग निघून जातो. तिथे हिरवट निघालेलं कापड हवेत बघता बघता निळं झालं होतं, ते अजून डोळ्यांसमोर आहे. कोणी सांगेल का?

रांजण
अंजिरी, ढवळण्यात काही चुकलेलं नाही. फरक निळीतच आहे. मी तोकुशिमात राहतो, दोन हंगाम सुकुमो, म्हणजे पाला आंबवून केलेली इथली नीळ, करणाऱ्यांच्या हाताखाली राबलोय.

आपल्याकडे पाला हौदात भिजवून, पाणी घुसळून, खाली बसलेल्या गाळाच्या वड्या पाडतात. इथलं झाड वेगळं, तादे-आई. त्याचा वाळलेला पाला सप्टेंबरात मातीच्या जमिनीवर ढीग घालून भिजवतात आणि चार-पाच दिवसांनी अख्खा ढीग उलथतात. असे सुमारे १०० दिवस. आत ६०-७० अंशांपर्यंत ऊब चढते. पहिल्यांदा दार उघडलं तेव्हा अमोनियाच्या वासानं माझे डोळे घळाघळा वाहायला लागले. फावड्यानं उलथायचं, गठळ्या हातानं फोडायच्या, वरून गवताच्या चटया पांघरायच्या. शेवटी हाती येतो तो काळ्या मातीसारखा सुकुमो.

नीळ पाण्यात विरघळत नाही. सुकुमोबरोबर पिंपात जिवाणूही येतात, ते कोंड्यावर जगतात आणि निळीला विरघळणारं रूप देतात. तेव्हाच ती धाग्यात शिरते, हवा लागली की पुन्हा निळी होऊन तिथेच अडकते. तुमच्या वडीत नीळ भरपूर आहे, पण हे जिवाणू तिच्यासोबत आलेले नाहीत. माझ्या मते १०० दिवसांची खरी कमाई तीच.

मंजिष्ठा
रांजण म्हणतात ते पटलं. पण वडीची नीळही आंबवता येते, दक्षिणेत पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत. तिथे टाकळ्याचं बी घालतात. हो, आपण पावसाळ्यात भाजी करतो तोच टाकळा! मी आंध्रात शिकले तेव्हापासून तेच वापरते. आणि नाशिकची थंडी पिंपाला सोसत नाही, घोंगडी गुंडाळून ठेवा.

रांजण
ऊब हवीच. इथे रांजण जमिनीत पुरतात, चार रांजणांच्या मधल्या खड्ड्यात भुसा धुमसत ठेवतात. पिंप लागलं की वर जांभळट-तांबूस चकाकीचा तवंग येतो आणि मधोमध निळा फेस जमतो. त्याला इथे निळीचं फूल म्हणतात. ते दिसेपर्यंत कापड घालू नका.

अंजिरी
मन:पूर्वक आभार! टाकळ्याच्या शेंगा आता वाळल्यात, उद्याच आणते. बी भाजायचं का?

मंजिष्ठा
नाही, शिजवायचं. मऊ होऊन पाणी बुळबुळीत झालं की गार करून बियांसकट घाला.