मदत हवी आहे: अकरावी सायन्सच्या इंग्रजी शब्दांची उजळणी तुंबतेय

मुलं मराठी माध्यमातून दहावी करून आलेली. ‘फोटोसिंथेसिस’ला ती अडत नाहीत, तो धड्यातच समजावलेला असतो. अडतात ‘रिस्पेक्टिव्हली’ (अनुक्रमे), ‘अकाउंट फॉर’ (कारण देणं) यांना. हे कुणी शिकवत नाही आणि प्रश्न नेमका त्यावरच उभा. ‘व्हॉल्यूम’ म्हणजे आवाज एवढं पक्कं. घनफळ सुचतच नाही.

आधाराला भाषातज्ज्ञ कॉक्सहेड यांची २००० सालची यादी घेतलीय: अभ्यासाच्या इंग्रजी लेखनात वारंवार येणारी ५७० शब्दकुटुंबं (मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुटुंब). रोज ८ शब्द. कार्डाच्या पुढे पाठ्यपुस्तकातलं वाक्य, शब्दाची जागा रिकामी. मागे शब्द आणि मराठी अर्थ. (नुसत्या अर्थाच्या जोड्या घोकल्या की चाचणीत पैकीच्या पैकी, उताऱ्यात भोपळा.) ‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’ एकाच दिवशी दिले की हमखास गल्लत, म्हणून आठवड्याचं अंतर ठेवतो.

उजळणी १, ३, ७ आणि २१ दिवसांनी. म्हणजे २२व्या दिवसापासून ८ नवे, ३२ जुने, रोज ४० कार्डं. प्रॅक्टिकलच्या दिवशी ढीग साचतो.

रोज ५ शब्द केले तर कार्डं २५ होतात, पण यादीला ७२ऐवजी ११४ दिवस लागतात. वेग कमी करावा, की तिसऱ्या दिवसाची उजळणी गाळावी? आणि ओळखू येणारे शब्द उत्तरात लिहिले जावेत म्हणून तुम्ही नेमकं काय करून घेता?