दिवाळीच्या ऑर्डरींनी रेसिपी ग्रुप भरून गेलाय, जाहिरातींचा नियम कसा करावा?

पाटावरवंटा, ठाणे (१४ ऑक्टोबर २०२४)

नमस्कार मंडळी. आम्ही तिघी मिळून फेसबुकवर एक मराठी रेसिपी ग्रुप चालवतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सुरू केला तेव्हा सोसायटीतल्या आणि माहेरच्या मिळून चाळीसएक जणी होतो, आता चौदा हजारांच्या वर मेंबर आहेत. दसरा झाला की दरवर्षी "घरगुती फराळाच्या ऑर्डरी घेणे सुरू" चालू होतं, एकच पोस्टर दिवसातून तीनदा, पण यावेळी जे झालं त्याने मला झोप लागली नाही.

परवा एका नवीन मुलीने विचारलं की अनारसे तुपात सोडले की हसतायत, म्हणजे पसरून विरघळतायत, पीठ पहिल्यांदाच केलंय, सासूबाई गावाला आहेत, काय करू. अकरा कमेंट आल्या. त्यातल्या आठ होत्या "ताई इनबॉक्स बघा", "आमच्याकडे तयार पीठ मिळेल", "कशाला एवढा खटाटोप, ऑर्डर करून टाका". उरलेल्या तिघींनी "मलाही हेच विचारायचं होतं" लिहिलेलं. उत्तर एकीनेही दिलं नाही, आणि मी त्या दिवशी ऑफिसात होते, मी संध्याकाळी बघितलं तोवर तिने पोस्ट काढून टाकली होती. ज्यांची आई-आजी जवळ नाही त्यांना विचारायला एक जागा असावी म्हणून तर ग्रुप काढला होता हो.

दुसरी बाजू पण आहे. आमच्यातल्या कितीतरी जणींचा संसार या ऑर्डरींवर उभा आहे, एकीने मिस्टरांची नोकरी गेल्यावर पोळीभाजीचे डबे सुरू केले आणि तिची पहिली सात गिऱ्हाइकं आमच्याच ग्रुपमधली होती. सरसकट बंदी घालायला मन धजत नाही. एक अॅडमिन म्हणते सगळं बंद कर, दुसरी म्हणते पोस्टमागे शंभर रुपये घेऊन टाकू दे. शिवाय यूट्यूबवाले वेगळेच, साहित्य इथे लिहायचं आणि "कृती बघायला लिंकवर या".

तुमच्याकडे काय नियम आहेत? आणि ते पाळून कसे घेता?

---

खलबत्ता, कोल्हापूर

ताई, आधी त्या मुलीला निरोप द्या. अनारसा हसतो म्हणजे पिठात गूळ किंवा साखर जास्त झालीय, नाहीतर ओल जास्त राहिलीय. अनारशाचं थोडं कोरं पीठ, म्हणजे तीन दिवस भिजवून सावलीत सुकवलेल्या तांदळाचं, बाजूला ठेवलं असेल तर त्यातलं चमचा चमचा मिसळून मळायचं आणि एकच अनारसा तळून बघायचा. कोरं पीठ नसेल तर मूठभर तांदूळ आजच भिजत घाल म्हणावं, दिवाळीला अजून वेळ आहे. तूप मंद आचेवर, खसखशीची बाजू वर, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं.

आता नियमांचं. मी सात वर्षं ग्रुप सांभाळतेय, सगळे प्रकार करून झालेत. आधी पूर्ण बंदी केली होती. चार महिन्यांत काय झालं सांगते, जाहिराती थांबल्या नाहीत, त्यांनी वेष बदलला. "कोणाला चांगला कांदा लसूण मसाला माहितीये का?" असा प्रश्न एक बाई टाकणार, आणि दहा मिनिटांत दुसरी येऊन "मी अमुक ताईंकडून घेते, अप्रतिम, घरचीच चव". नंतर कळलं की त्या दोघी सख्ख्या जावा. लोकांनी त्या शब्दावर विश्वास ठेवून दोन-दोन किलो मसाला मागवला होता. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय, उघड जाहिरात परवडली, लपवलेली नको. ज्या ग्रुपमध्ये लोक चवीबद्दल एकमेकींच्या शब्दावर विसंबतात तिथे तो शब्दच विकला गेला तर उरतं काय?

म्हणून आता आमच्याकडे गुरुवारचा बाजार असतो. गुरुवारी सकाळी अॅडमिनची एकच पोस्ट, विकणाऱ्यांनी सगळं तिच्याखाली लिहायचं, एकीने एकच कमेंट. त्यात पदार्थ, भाव, गाव आणि एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याचा, नोंदणी नंबर हवाच. आणि दुसऱ्या कुणाच्या प्रश्नाखाली विकायला जायचं नाही, इनबॉक्समध्ये तर अजिबात नाही. हा शेवटचा नियम मोडला तर पहिल्यांदा कमेंट काढतो आणि कळवतो, दुसऱ्यांदा महिनाभर पोस्ट बंद. इनबॉक्सवाल्यांचा स्क्रीनशॉट मेंबरांनी पाठवायचा, नाव बाहेर जात नाही.

शंभर रुपये घेऊ नका, हात जोडून सांगते. पैसे घेतले की उद्या कुणाच्या चिवड्याला खवट वास आला तर लोक तुम्हाला विचारणार, आणि तुम्हालाही तिची पोस्ट काढताना जड जाणार.

---

मसालेवाली, सातारा

मी विकणाऱ्यांपैकी आहे म्हणून लिहिते. घरीच गोडा मसाला, येसर, मेतकूट करते. तुमच्या त्या मुलीबद्दल वाचून मला लाज वाटली कारण सुरुवातीला मी पण असंच केलंय, दिसेल त्या प्रश्नाखाली नंबर टाकायचा. पण आमची अडचणही समजून घ्या, दुकानाचं भाडं झेपत नाही, दुकानदाराकडे माल ठेवला तर तो त्याचं कमिशन कापणार आणि पैसे दोन महिन्यांनी देणार. बाईमाणसाला घरबसल्या फुकटात गिऱ्हाईक मिळायची जागा म्हणजे हे ग्रुपच. त्यामुळे फेब्रुवारीत मिरची भरायला पैसे गुंतवले की जीव खालीवर होतो आणि माणूस सगळीकडे पोस्टर चिकटवत सुटतं.

माझं गिऱ्हाईक कशाने वाढलं ते सांगते. एका ताईंचा गोडा मसाला कडू झाला होता, मी त्यांना नीट लिहिलं की दगडफूल आणि तमालपत्र जास्त भाजलं गेलं असणार, तीळ खोबरं शेवटी आणि वेगवेगळं भाजा, पूर्ण गार झाल्याशिवाय दळू नका. नंबर दिला नाही, विकते असंही म्हटलं नाही. त्या कमेंटवरून लोक माझ्या प्रोफाइलवर आले आणि त्या आठवड्यात मला ज्या ऑर्डरी आल्या तेवढ्या महिनाभर पोस्टर टाकून आल्या नव्हत्या. विकणाऱ्या बायकांना हे कुणीतरी प्रेमाने सांगायला हवं, की आपलं ज्ञान मोकळेपणाने दिलं तर धंदा बुडत नाही.

एफएसएसएआय नंबरबद्दल खूप जणी घाबरतात. आपल्यासारख्या लहान घरगुती धंद्याला साधं रजिस्ट्रेशन पुरतं, फी अगदी थोडी, ऑनलाइन होतं. फोटो आणि ओळखपत्र लागतं. एजंट याचे हजार-दोन हजार मागतात, देऊ नका. नंबर १४ आकडी असतो. अॅडमिन ताईंनी तो फॉसकॉस या एफएसएसएआयच्याच नोंदणीच्या साइटवर टाकून बघावा, दुसरीचा नंबर स्वतःच्या पोस्टरवर छापणारे पण मी पाहिलेत.

---

धनेजिरे, पुणे

वरच्या दोघींशी सहमत, फक्त जावांच्या किश्श्याला एक जोड. ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये सोशल मीडियावर शिफारस करणाऱ्यांसाठी सूचना काढल्या, त्यात पैसे तर आहेतच पण फुकट मिळालेली वस्तू, डिस्काउंट, भेट, आणि घरचं किंवा नोकरीचं नातं हे सगळं "संबंध" म्हणून धरलंय, आणि तो लोकांना सहज दिसेल असा सांगायचा. त्याआधी २०२१ मध्ये अॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल या जाहिरातवाल्यांच्याच संस्थेनेही इन्फ्लुएन्सरांसाठी असेच नियम आणले होते. आता आपल्या ग्रुपमधली काकू काही इन्फ्लुएन्सर नाही, तिच्यामागे कोणी कायदा घेऊन लागणार नाही, पण मोजमाप म्हणून हे चांगलं आहे. एका ओळीत नियम होतो: "ज्याची शिफारस करताय त्याच्याशी तुमचं नातं, पैसा किंवा फुकटची वस्तू यातलं काहीही असेल तर पहिल्याच ओळीत लिहा."

आणि हा नियम सगळ्यात आधी अॅडमिनना लागू. मी एका ग्रुपमधून बाहेर पडले ती याच कारणाने. तिथल्या अॅडमिन अचानक एकाच कंपनीच्या मिक्सरबद्दल रोज लिहायला लागल्या, दुसऱ्या मिक्सरची तारीफ केली की कमेंट गायब, नंतर कळलं की तिघींनाही तो मिक्सर घरपोच फुकट आला होता. मिक्सर चांगला असेलही. पण मी त्यांच्या लोणच्याच्या रेसिपीवर पाच वर्षं डोळे झाकून विश्वास ठेवला होता हो, तो एका दिवसात गेला.

अजून एक, यात चर्चा नको. "हे पीठ खा, शुगर कायमची जाईल", "थायरॉइड बरा करणारा लाडू" असलं काही दिसलं की ताबडतोब काढायचं. खाण्याच्या वस्तूने आजार बरा होतो असा दावा जाहिरातीत करता येत नाही, एफएसएसएआयचे २०१८ चे त्याबद्दलचे नियमच आहेत. माझ्या वडिलांनी असल्याच एका पिठाच्या भरवशावर गोळ्या बंद केल्या होत्या, वेळेत लक्षात आलं. त्यामुळे इथे मी सौम्य राहू शकत नाही.

---

एडिसनकर

न्यू जर्सीतून. आमच्या इथल्या मराठी खाऊ ग्रुपमध्ये नेमकं हेच, चकली, पुरणपोळी, मोदक. फक्त इथे अडचण अशी होती की २०२१ पर्यंत या राज्यात घरी बेक करून विकायला परवानगीच नव्हती, नंतर परमिट सुरू झालं, तेही फ्रीजमध्ये न ठेवता टिकणाऱ्या पदार्थांसाठी. म्हणजे नानकटाई चालेल पण बासुंदी नाही. अॅडमिन म्हणून आम्ही परमिट नंबर लिहायला सांगतो, पण पोस्टच्या वर हेही लिहितो की ग्रुपने कोणाचं स्वयंपाकघर पाहिलेलं नाही, खात्री तुमची तुम्ही करा. हे वाक्य नक्की टाका.

---

पाटावरवंटा, ठाणे

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खरंच आभार. शंभर रुपयांचा विषय आजच संपवला, दुसऱ्या अॅडमिनलाही पटलं. आता दोन शंका. यूट्यूबवाल्यांचं काय? आणि मेंबरांनी काही भलतंसलतं विकलं तर अॅडमिनवर येतं का, माझे मिस्टर सारखं तेच म्हणतात की उद्या पोलीस तुझ्याकडे येतील.

---

खलबत्ता, कोल्हापूर

यूट्यूबचं सोपं आहे. पूर्ण रेसिपी, प्रमाणासकट, ग्रुपमध्येच लिहायची, मग खाली पहिल्या कमेंटमध्ये लिंक. अर्धी कृती आणि लिंक असेल तर पोस्ट मंजूर नाही. त्या मुलामुलींची पण धावपळ समजते मला, जाहिरातीच्या पैशांसाठी चॅनलला हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास बघितलं जाणं लागतं, म्हणून ते लिंक फेकत सुटतात. पण लिंक उघडून दहा सेकंदात बंद करणाऱ्यांनी तास भरत नाहीत, हे मी आमच्या एका मुलाला समजावलं, आता तो इतकं सुंदर लिहितो की लोक रेसिपी वाचून मुद्दाम त्याचा व्हिडिओ बघायला जातात.

फेसबुकमध्ये अॅडमिन असिस्ट आहे ते लावा, लिंक असलेली पोस्ट आपोआप अडवता येते. आणि "इनबॉक्स", "ऑर्डर", "डीएम" हे शब्द कीवर्ड अलर्टला घाला, म्हणजे ऑफिसात असलात तरी कळेल. प्रवेशाच्या प्रश्नांमध्येही एक टाका, "तुम्ही खाद्यपदार्थ विकता का?" हो म्हणणाऱ्यांना नाकारायचं नाही, गुरुवारची माहिती पाठवायची.

---

धनेजिरे, पुणे

मिस्टरांना सांगा, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये व्हॉट्सॅप ग्रुपबद्दल असा निकाल दिलाय की मेंबरने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी नुसतं अॅडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही, दोघांचा तसा एकत्र हेतू असल्याशिवाय. ती केस खाण्याची नव्हती, त्यामुळे त्यावर सगळं सोपवू नका, पण धास्ती घेण्यासारखं नाही. पैसे घेऊन पोस्ट टाकायला लागलात तर मात्र तुमची जागा बदलते, त्यामुळे तो विषय संपवलात ते फार बरं केलंत.

---

पाटावरवंटा, ठाणे (२१ ऑक्टोबर २०२४)

पहिला गुरुवार झाला. सत्तावन्न कमेंट आल्या, त्यातल्या चौदा जणींकडे नंबर नव्हता, त्यांना मसालेवाली ताईंचा तो पॅरेग्राफ जसाच्या तसा पाठवला, पाच जणींनी लगेच अर्ज केलाय.

एक गोष्ट जड गेली. आमच्या सगळ्यात जुन्या मेंबर काकू, वय सत्तरच्या पुढे, सांडगे कुरडया करून विकतात, त्या दर प्रश्नाखाली फोटो टाकतात. त्यांची कमेंट काढली तर त्या रुसून ग्रुप सोडून गेल्या. मग मी मेसेज न करता फोन केला. पाऊण तास बोललो. त्यांना कमेंट आणि पोस्ट यातला फरकच कळत नव्हता, नातवाने फोनमध्ये कॉपी करून ठेवलेलं तेवढं त्या चिकटवत होत्या. आता गुरुवारी त्यांची कमेंट मी स्वतः विचारून टाइप करते, आणि त्या परत आल्यात. गव्हाच्या चिकाच्या कुरडयांची कृती त्यांनी फोनवर सांगितली, ती मी लिहून घेतलीय, उन्हाळ्यात टाकणार.

अनारशाच्या मुलीला निरोप दिला होता. तिने मूठभर तांदूळ भिजवून कोरं पीठ केलं आणि मिसळलं, पहिले दोन हसले, तिसरा जमला, जाळी पडलीय, फोटो पाठवलाय. ती विचारतेय की उरलेलं पीठ दिवाळीपर्यंत बाहेर राहील का फ्रीजमध्ये ठेवू?

---

खलबत्ता, कोल्हापूर

गुळाचं असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात बाहेर आरामात राहतं, ओला हात लावायचा नाही. फ्रीजमध्ये ठेवलं तर तळायच्या आधी दोन-तीन तास बाहेर काढून ठेवायचं. कोरडं वाटलं तर पिकलेल्या केळ्याचा अगदी छोटा तुकडा किंवा दुधाचा हात लावून मळायचं, पाणी नको. आणि तिला सांगा फोटो ग्रुपवर टाक.