वाढीचे गुण की सहप्रचरण विश्लेषण?

प्रश्न:
माझ्या प्रयोगात प्रायोगिक आणि नियंत्रित असे दोन गट असून दोन्हींची पूर्वचाचणी व उत्तरचाचणी घेतली आहे. विभागणी चिठ्ठ्या टाकून केली होती, तरीही पूर्वचाचणीच्या सरासरीत थोडा फरक आला. आता वाढीच्या गुणांवर (उत्तरचाचणी वजा पूर्वचाचणी) टी-चाचणी (दोन सरासरींची तुलना) लावावी, की पूर्वचाचणी सहचल (ज्याचा प्रभाव हिशेबात धरायचा ते चल) धरून अँकोव्हा, म्हणजेच सहप्रचरण विश्लेषण, करावा? दोन्हींचे निष्कर्ष जुळत नाहीत, म्हणून विचारतो आहे.

उत्तर १:
विभागणी यादृच्छिक असेल तर अँकोव्हाच करावा. वजाबाकी करताना आपण नकळत असे गृहीत धरतो, की पूर्वचाचणीतला एक गुण उत्तरचाचणीत नेमका एकच गुण देतो. अँकोव्हा हा उतार, म्हणजे पूर्वचाचणीतल्या एका गुणामागे उत्तरचाचणीत पडणारा फरक, प्रत्यक्ष आकडेवारीतून काढतो. दोन्ही चाचण्यांचे प्रचरण (गुणांच्या विखुरलेपणाचे माप; ते जितके कमी तितका गटांतील फरक नेमका कळतो) सारखे आणि त्यांच्यातील सहसंबंध ०.५ असेल, तर वाढीच्या गुणांचे प्रचरण उत्तरचाचणीच्या प्रचरणाइतकेच राहते, म्हणजे वजाबाकीने काहीच साधत नाही. अँकोव्हात मात्र ते सुमारे ०.७५ पट उरते. सहसंबंध ०.७ असेल तर हेच आकडे ०.६ आणि ०.५१ होतात. मात्र निष्कर्ष पाहून पद्धत निवडू नये, ती आधीच ठरवलेली असावी, हे मी आग्रहाने सांगेन.

उत्तर २:
दोन्ही गटांतील समाश्रयण रेषा (पूर्वचाचणीवरून उत्तरचाचणीचा अंदाज देणाऱ्या रेषा) समांतर आहेत का, हे गट आणि पूर्वचाचणी यांची आंतरक्रिया (गुणाकाराचे पद) प्रतिमानात घालून अवश्य पाहावे. रेषा समांतर नसतील तर ‘समायोजित सरासरीतील फरक’ (पूर्वचाचणीतला फरक हिशेबात धरून उरणारा फरक) असा एकच आकडा देता येत नाही, कारण तो फरक पूर्वचाचणीच्या पातळीनुसार बदलतो. सहचल प्रयोगाआधीच मोजलेला हवा. प्रयोगादरम्यान बदललेले अभ्यासाचे तास सहचल म्हणून घेतले, तर जो परिणाम शोधायचा त्याचाच काही भाग आपण वगळून टाकतो.

उत्तर ३:
ज्यांचे गट आधीच बनलेल्या तुकड्यांचे आहेत, त्यांनी वरील सल्ला जसाच्या तसा घेऊ नये. मानसमापनतज्ज्ञ फ्रेडरिक लॉर्ड यांनी १९६७ मध्ये विद्यार्थी व विद्यार्थिनींच्या वजनाचे काल्पनिक उदाहरण देऊन दाखवले, की त्याच आकडेवारीवर वजनातील बदल पाहणाऱ्याला गटांत फरक दिसत नाही आणि सहप्रचरण विश्लेषण करणाऱ्याला तो स्पष्ट दिसतो. गणित दोघांचेही बरोबर असते, पण त्यांचे प्रश्न वेगळे असतात. शिवाय पूर्वचाचणीच्या मापनात त्रुटी असेल तर उतार कमी येतो आणि मूळचा फरक पूर्णपणे समायोजित होत नाही. प्रश्नकर्त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या असल्याने त्यांना ही अडचण येणार नाही.